शाकाहारी घरातला कोंबडा

म्हसावदच्या शौकत गादीवाल्याइतका खात्रीचा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात नव्हता. हे लोक म्हणत नव्हते, शौकत म्हणायचा! पिल्लू एका दिवसाचं असो की एका तासाचं, ते मोठेपणी कोंबडा होणार की कोंबडी हे तो जागच्या जागी सांगायचा. गादी टाचायचा लांबलचक सुवा दोऱ्याला बांधायचा, पिल्लाच्या डोक्यावर टांगायचा, डोळे मिटायचे आणि ओठ पुटपुटल्यासारखे हलवायचे. सुवा पुढेमागे झुलला तर कोंबडा, गोल फिरला तर कोंबडी. फी काही नाही. "शौकतभाईनं सांगितलं म्हणजे झालं!" एवढं ऐकलं की त्याचं पोट भरायचं. आणि खरंच, बारा वर्षांत एकही माणूस "तुमचं चुकलं" म्हणत त्याच्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

"डाक्टर चुकस, वकील चुकस, पंचांग बी चुकस," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "पन मन्हा सुवा नही चुकस!"

गेल्या डिसेंबरात भिकनबापू त्याच्याकडे आले. बरोबर बायको जमनाबाई, नात मोहिनी, आणि मोहिनीच्या ओंजळीत गुलाबी रंगात बुचकळून काढलेलं एक पिल्लू. सारंगखेड्याच्या यात्रेत नातीनं भोकाड पसरलं म्हणून बापूंनी घेऊन दिलं होतं. घर गुजरांचं, सात पिढ्यांचं शाकाहारी. जमनाबाईंच्या गळ्यात तुळशीची कंठी. त्या घरात पिल्लू आलं हेच आश्चर्य, आणि ते राहणार की नाही हे आता शौकतच्या सुव्यावर होतं.

"कोंबडा व्हई तर ऱ्हाऊ द्या," जमनाबाई म्हणाल्या. "कोंबडी व्हई तर आत्तेना आत्ते बाहेर! मन्हा घरमा आंडं पडनं तर मी अन्न सोडी दिसू."

शौकतनं सुवा टांगला. सुवा हलेचना. त्यानं एक डोळा किलकिला केला, तर समोर मोहिनीचा खालचा ओठ थरथरत होता. मग सुवा हळूच हलला, आणि पुढेमागे, पुढेमागे झुलू लागला.

"कोंबडा!" शौकत गरजला. "लिखी लेवा!"

मोहिनीनं तिथल्या तिथे त्याचं नाव राजा ठेवलं.

पुढे सगळे आपापल्या कामाला लागले. मे उजाडला. बापूंच्या धाकट्या भावाची विधवा बायको रमिलाबाई, तिच्या मुलाचं, अमृतचं, लग्न ठरलं. दोन्ही भावांची घरं भिंतीला भिंत लागून. भिंतीत मधोमध एक दार, त्याला ना फळी ना उंबरा. चाळीस वर्षं त्या दारातून भाजीच्या वाट्या, सुना, लेकरं आणि चुगल्या बिनदिक्कत ये-जा करत होत्या. लग्नाच्या गाद्या आपल्या डोळ्यांसमोर भराव्यात, दुकानात रुई बदलते, असा जमनाबाईंचा ठाम विश्वास. म्हणून शौकत कापूस पिंजायची पिंजण खांद्यावर टाकून त्यांच्या घरी आला.

आला आणि दारातच थबकला. चौकटीवर लिंबू-मिरच्यांच्या सात माळा! आत सगळ्या खिडक्या बंद. बापू भिंतीला टेकून बसले होते आणि कुणी हाक मारली की दचकत होते.

"शौकत, बस. पन आवाज हळू कर," जमनाबाई कुजबुजल्या.

"काय व्हयनं, जमनामाय?"

"घरमा आंडं निंघी ऱ्हायनात."

आता ज्या घरात कोंबड्या असतात तिथे अंडं निघालं तर त्याची भुर्जी होते. पण ज्या घराच्या उंबऱ्यावरून सात पिढ्यांत अंडं आत आलं नाही, तिथे ते निघालं तर त्याचा अर्थ एकच: करणी! चौकात लिंबू, कुंकू आणि अंडं ठेवलेलं दिसलं की आपण सगळेच वळसा घालून जातो. इथे तर ते वळसा घालायला जागा नाही अशा ठिकाणी निघत होतं. पहिलं ज्वारीच्या कोठीमागे. दुसरं घडी केलेल्या गोधडीवर. तिसरं, बोलायलाही जीभ धजत नाही, देवघराच्या पाटाखाली! नऊ अंडी झाली होती. प्रत्येक पांढरंशुभ्र, प्रत्येक नव्या जागी, आणि प्रत्येक भर दुपारी. बापू चिमट्यात धरून एकेक अंडं केळीच्या वावरात पुरून येत होते. केळीला यंदा दृष्ट लागेल या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. गल्लीत कुणाला कळू नये म्हणून बाहेरच्या माणसाला घरात येऊ देत नव्हते.

"आनि राजा?" शौकतनं विचारलं.

"राजा शे म्हनून तर आम्ही जित्ता शेतस!" जमनाबाईंचे डोळे भरून आले. "त्याले दिसस ते. आंडं पडनं का तो असा वरडस, असा वरडस, का आम्ही पयत जातस. तठे दखो तर आंडं!"

राजा कापसाच्या खोलीतून रुबाबात बाहेर आला. पांढराफेक, अंगानं सडपातळ, डोक्यावर तांबडाभडक तुरा; इतका मोठा, की एका डोळ्यावर लवंडलेला. कपाळाला कुंकू. त्याला रोज तुपाची पोळी होती. बापू म्हणाले, "शौकतभाई, एक सांगा. हाऊ पहाटे आरवत नही. का बरं?"

शौकतनं राजाकडे पाहिलं. तुरा होता, तुऱ्याला तोड नव्हती. पण शेपटीला कोंबड्याचा बाक नव्हता. पायाला काटा नव्हता. त्यानं घाईनं नजर वळवली. जिकडे बघितलं की आपलं नाव जातं, तिकडे माणूस दुसऱ्यांदा बघत नाही.

"सात्त्विक घरमा वाढना ना," तो म्हणाला. "म्हनून शांत शे."

बापूंना ते मनापासून पटलं.

शौकत कापसाच्या खोलीत एकटा कामाला बसला. भाव वाढेल म्हणून न विकलेला कापूस आढ्याला टेकला होता. वर कौलातल्या काचेतून तेवढा एक उजेडाचा पट्टा. बाहेर बारा वाजलेले, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. पिंजणीचा टणत्कार थांबला की कापूस आपोआप खसकन खाली बसायचा, आणि शौकतला वाटायचं ढीग श्वास घेतोय.

"भूत नही, बीत नही," तो स्वतःला मोठ्यांदा म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला.

तो हात धुवायला मोरीत गेला. दोन-तीन घोट पाणी प्याला, तोंडावर पाणी मारलं, थोडा वेळ तिथेच बरं वाटलं म्हणून उभा राहिला. परत आला तर गादीच्या खोळीवर त्यानं सारखी करून ठेवलेली रुई सारखी नव्हती! मधोमध एक खड्डा पडला होता. वाटीएवढा. जणू कुणीतरी लहानसं, अगदी लहानसं, तिथे बसून उठून गेलं होतं. शौकतनं खड्ड्यात हात घातला. आत काहीतरी गुळगुळीत होतं, आणि ते गरम होतं!

त्याच क्षणी डोक्यावर किंकाळी फुटली. कट्‌-कट्‌-कट्‌-कटाऽऽक! ढिगाच्या टोकावर राजा उभा होता, आणि तुऱ्याखालच्या एका उघड्या डोळ्यानं सरळ शौकतकडे बघत होता.

शौकतला जेवढ्या दुआ पाठ होत्या त्या सगळ्यांची फक्त पहिली ओळ आठवली. तो उठला, सुव्याच्या दोऱ्यात अडकला, खोळीत पाय गेला, आणि अर्धी गादी पायात घेऊन तो पडवीत येऊन आदळला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा! त्याला तसा बघून बापूंनी हातातला चिमटा त्याच्याच दिशेनं उगारला.

"मी शे, मी! शौकत!"

"दहावं," जमनाबाई मटकन खाली बसल्या. "आते तर जित्ता माणूसना हातखाले पडनं."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली, आणि ती अंड्यांपेक्षा वाईट होती. धडगावच्या डोंगरातल्या जालमसिंगबाबाला बापूंनी फोन लावला होता. रेंज येत-जात होती. बाबा एवढंच म्हणाले, की जो उंबरा न ओलांडता घरात येतो, त्याचं हे काम. पुढे फोन कटला. बापूंनी घरातली दारं मोजली. बिनउंबऱ्याचं दार एकच होतं. त्या दारातून रोज भर दुपारी येणारं माणूसही एकच.

"रमिला," जमनाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या. "सतरा वरीसनी व्हती तवय उनी. मी तिनी वेणी घालू. तिना हातना पानी बी मी आते पेत नही, शौकत. काल खात्या गवंडीले सांगी दिन्हं. सकाय तो दार बुजी टाकस."

भिंतीपलीकडे अगदी जवळच कुणीतरी भांडं ठेवलं. एवढासा आवाज, पण तिघांनीही त्या दाराकडे पाहिलं.

शौकत घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. त्याची बायको हाजराबी मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. घरात हे दोघं आपल्या खानदेशी हिंदीत बोलत. शौकतनं सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही सांगितलं. हाजराबीनं शांतपणे ऐकलं.

"उसकी दुम लंबी है? मुडी हुई?"

"नहीं."

"पाँव में काँटा?"

"नहीं."

"बाँग देता?"

"सात्त्विक है."

"और अंडे किधर से आ रहे?"

"करनी है, हाजरा! मैंने खुद हाथ लगाया. गरम था!"

"अच्छा," हाजराबी म्हणाली. "मेरी बीस करनियाँ ये घूम रहीं. इनका भी गरम रहता, कभी हाथ लगाओ."

शौकत खाटेवर बसला. त्याला सगळं कळत होतं. दुपारपासूनच कळत होतं. पण आपण चुकलो हे मानण्यापेक्षा भूत मानणं त्याला सोपं वाटलं होतं.

"लेकिन मेरा सुवा," तो पुटपुटला. "बारा साल में एक भी आदमी वापस नहीं आया."

हाजराबीनं सूप खाली ठेवलं. "आते थे. पीछे के दरवाजे से आते थे. मैं पिल्लू बदल के देती थी."

"कितने?"

"जितने तुमने बोले, उसके आधे."

शौकतनं विचारलं, "तो बोली क्यूँ नहीं?"

"तुम इतने खुश रहते थे," हाजराबी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "पर कल उस दार में ईंट लगी तो वो दोनों बुढियाँ मर जाएँगी. जाके बोलो."

दुसऱ्या दिवशी शौकत अकराला पोचला. रात्रभर त्यानं वाक्य पाठ केलं होतं: मन्हं चुकनं. दोनच शब्द! पण दारात खात्या गवंडी सिमेंट कालवत होता, विटांची चळत लागली होती, अलीकडे जमनाबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या आणि पलीकडे रमिलाबाई चौकटीला धरून उभी होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. एवढी माणसं पाहिली आणि शौकतच्या घशातले दोन शब्द पुन्हा पोटात गेले. वर आले ते भलतेच.

"थांबा!" तो ओरडला. "राजा कोंबडी शे! आंडं तोच देस!"

"पन तुम्ही तर कोंबडा म्हनेल व्हतात," बापू म्हणाले.

"कोंबडाच व्हता!" शौकतच्या तोंडून निघून गेलं. "पन मंग... मंग त्यानी कोंबडी व्हई गयी!"

बापूंचा हात आपोआप मिशीकडे गेला. मिशी होती. त्यांनी ती ओढूनही पाहिली. खात्यानं थापी खाली ठेवली आणि उठला.

"बापू, मी ईट लावाले उनू," तो म्हणाला, "बाई व्हवाले नही!"

"अरे देवा!" जमनाबाई पहिल्यांदाच दाराकडे वळल्या. चेहरा पांढरा पडला होता. "कोंबडानी कोंबडी! इतलं शिकनी तू, रमिला?"

रमिलाबाईचा बांध तिथे फुटला. "भाभी, माले इतलं येतं, तर मी पहिले तुन्हा गुडघा बरा करती!" ती म्हणाली, आणि रडू लागली.

शौकतला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मन्हं चुकनं," तो म्हणाला. "पहिला दिनपासून कोंबडीच व्हती. पोर रडी ऱ्हायंती, म्हनून सुवा मीच हालावा. करणी नही, काही नही. दार बुजू नका."

जमनाबाईंनी त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग त्या गहिवरून बापूंना म्हणाल्या, "दखा! किती मोठा मनना माणूस! रमिलाले वाचाडासाठे बदनामी सोतावर लेई ऱ्हायना!"

"खरं शे," बापू म्हणाले. "शौकतभाई बारा वरीसमा एकडाव बी चुकनात नही."

झालं! ज्या नावासाठी जन्मभर धडपडला, तेच नाव आता त्याच्या छातीवर बसलं होतं. तो शपथा घ्यायला लागला तसतसा त्यांचा त्याच्या मोठेपणावरचा विश्वास वाढत गेला.

"मंग दखी लेवा," तो शेवटी हताश होऊन म्हणाला. "सोताना डोयाघाई दखा. आते बारा वाजतीन. आठेच बसा."

सगळे कापसाच्या खोलीच्या दारात बसले. शौकतनं आत गादीजवळ मांडी घातली, नुसतं बसवेना म्हणून हातानं रुई मोकळी करत राहिला. रमिलाबाई लगतच्याच मधल्या दाराच्या पलीकडे, जमनाबाई अलीकडे. खात्याही थांबला, पण उठून पळता येईल असा उकिडवा. घड्याळात बारा वाजले. ऊन कौलांवर तडतडत होतं. राजा ढिगामागून निघाला आणि खोलीत फिरू लागला. आवाज नाही. एक पाय उचलायचा, थांबायचा, मान तिरकी करून एकेकाच्या तोंडाकडे एका डोळ्यानं बघायचा. ज्याच्यासमोर थांबे तो श्वास रोखी. बापूंसमोर तो इतका वेळ थांबला, की बापूंनी धोतर गोळा करून घेतलं आणि मिशीवर हात ठेवला.

अर्धा तास गेला. त्या उकाड्यात जमनाबाईंना खोकला आला. नुसता ठसका, पण थांबेना. पलीकडून रमिलाबाईचा हात आला; हातात पाण्याचा तांब्या. तिनं बघितलंही नाही, हात आपोआप आला होता. जमनाबाईंनीही बघितलं नाही. तांब्या घेतला, वरून घटाघटा प्याल्या, परत दिला. मग त्यांच्या लक्षात आलं. तांब्या दोघींच्या हातात, दाराच्या बरोबर मधोमध अडकून राहिला. सोडायचा कुणी हे दोघींनाही सुचेना. शौकतला वाटलं, आता अंडं नाही पडलं तरी चालेल.

पण राजाचं ठरलं होतं. तो शौकतकडे आला. शौकतच्या मांडीत मोकळ्या केलेल्या रुईचा ढीग साचला होता, मऊ, पांढरा. राजानं ती चोचीनं उकरली, एक गिरकी घेतली आणि सरळ शौकतच्या मांडीत बसकण मारली!

"हालू नका, शौकतभाई!" बापूंच्या पाठीमागून मोहिनी कुजबुजली.

शौकत हलणार कसला! पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, घामाची धार कानामागून उतरली, पण तो दगडासारखा बसला. राजानं डोळे अर्धवट मिटले. त्याचं अंग फुगलं, थरथरलं, एकदा उचललं गेलं. मग तो उठला, मांडीवरून उडी मारून ढिगावर चढला आणि सगळ्या घराला कळेल अशी किंकाळी ठोकली. कट्‌-कट्‌-कट्‌-कटाऽऽक!

शौकतच्या मांडीत अंडं होतं. ओलसर, गरम, पांढरंशुभ्र.

खात्यानं घमेल्यात बोट घातलं. कालवलेलं सिमेंट कधीच दगड झालं होतं. त्यानं थापी पिशवीत टाकली. रमिलाबाई उठून दारातून अलीकडे आली आणि जमनाबाईंना टेकून बसली. दोघी एकमेकींकडे न बघता रडत होत्या. मग जमनाबाईंनी डोळे पुसले, अंड्याकडे पाहिलं, आणि बोटानं शौकतला दाखवत म्हणाल्या, "शौकत, आते खरं सांग. हाऊ कोंबडा का कोंबडी?"

सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. शौकतनं ढिगावरच्या राजाकडे पाहिलं, मांडीतल्या अंड्याकडे पाहिलं, त्याला हलकेच बोट लावून पाहिलं.

"जमनामाय," तो म्हणाला, "एकडाव हाजराले इचारी लेस, मंग सांगस."